कलम सतरा आणि दोन माजी खासदार

महिपतराव मांडवकरांना आपलं तिकीट कापलं गेल्याची बातमी कळली ती हातखंब्याच्या नाक्यावर, मिसळीचा दुसरा घास तोंडात असताना.

फोन दिल्लीहून होता, पक्षाच्या मुख्य कचेरीतून. बोलणाऱ्याचा आवाज अनोळखी होता आणि फार गोड होता. "साहेब, अभिनंदन. पक्षानं आपला सन्मान करायचं ठरवलंय."

सात वेळा लोकसभेवर निवडून गेलेल्या माणसाला 'सन्मान' म्हणजे काय ते फोड करून सांगावं लागत नाही. सन्मानात शाल असते आणि नारळ असतो, आणि त्यातला नारळ तेवढा खरा. महिपतरावांनी घास गिळला, पाणी प्यायलं आणि विचारलं, "आणखी कोणाकोणाला नारळ?"

"सहा किंवा त्याहून जास्त वेळा निवडून आलेले सगळेच, साहेब. आपल्याकडचे एकोणतीस."

"आणि समोरचे?"

"त्यांनीही आज सकाळी तेच जाहीर केलं. आपण नवी माणसं देणार म्हटल्यावर त्यांना जुनी कशी चालतील?"

समोरच्या बाकावर त्यांचे स्वीय सहायक श्रीपती गोताड बसले होते. अठ्ठावीस वर्षं साहेबांची बॅग, पत्रं, गोळ्या आणि राग सांभाळणारा माणूस. त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि गल्ल्याकडे वळून हाक मारली, "अजून दोन पाव द्या हो. आणि तर्री." संकट आलं की साहेबांना भूक लागते, हे श्रीपतींइतकं साहेबांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

त्या पंधरवड्यात म्हाताऱ्या खासदारांना घरी बसवायची देशभर शर्यतच लागली. एका पक्षानं सहा वेळांची अट घातली तर दुसऱ्यानं पाच वेळांची आणि तिसऱ्यानं चारची. ज्यांनी सरकारं पाडली होती, ज्यांनी नुसतं खाकरलं तरी सभागृह गप्प व्हायचं, ती माणसं आपापल्या गावी जाऊन बंद पडलेल्या मोटारपंपाभोवती फेऱ्या घालू लागली.

महिपतरावांच्या जागी पक्षानं उभी केली ज्ञानेश्वरी पावसे. वय छत्तीस, गाव बुरोंडी, आई टोपलीतून मासे विकायची, आणि ही स्वतः रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवायची. पहिल्या प्रचारसभेत महिपतरावांनी तिचा हात धरून वर उचलला तेव्हा त्यांच्या खांद्यात कळ आली. वयानं आली, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पुढे ज्ञानेश्वरी निवडून आली ती त्यांच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या मताधिक्याच्या दुपटीनं. ही कळ मात्र वयाच्या माथी मारता येईना.

दिल्लीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. एरवी अशा वेळी महिनाभर तरी घोळ चालायचा. हा त्याच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही, तो ह्याच्या दारात पाय ठेवणार नाही, कारण कधी काळी कुणी कुणाला काहीतरी बोललेलं असायचं. पण या खेपेला सभागृहातले निम्म्याहून जास्त लोक पहिल्यांदाच आलेले. कोणाशी बोलायचं नाही याची यादीच त्यांना कुणी दिली नव्हती. त्यामुळे ते सगळ्यांशीच बोलले आणि पाचव्या दिवशी सरकार बसवून मोकळे झाले.

महिपतराव शिरगावातल्या आपल्या घरी टीव्हीसमोर बसून हे बघत होते. "हा त्याच्या शेजारी बसलाच कसा? अगं, ह्याच्या काकानं त्याच्या बापाला भर सभेत 'घरगडी' म्हटलंन होतं!"

"त्याला ठावं नाय, म्हणून बसला," तुळसाबाई म्हणाल्या. त्या गरे काढून झालेल्या फणसाच्या आठळ्या वेगळ्या करत होत्या. "तुम्ही बी बसा. हे घ्या, वाईच साली काढा."

तुळसाबाईंनी पस्तीस वर्षं नवऱ्याची खासदारकी लांबून पाहिली होती. कलमांची बाग त्यांनी एकटीनं सांभाळली, दोन मुलींची लग्नं केली, विहीर खोल करून घेतली. आता एवढा मोठा माणूस अख्खा दिवस घरात, त्याचं करायचं काय हा त्यांच्यापुढे प्रश्नच होता. महिपतराव जेवताना म्हणत, "माझी अशी सूचना आहे, की पिठल्यात लसूण थोडी..." तुळसाबाई म्हणत, "सूचना नामंजूर. जेवा." गॅसची नोंदणी कशी करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोस्टात कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते कळत नव्हतं. सवयीनं कुणी ना कुणी अर्ज घेऊन यायचं. महिपतराव जुन्या ऐटीत एखाद्या कचेरीत फोन लावायचे, आणि तिकडून आवाज यायचा, "कोण मांडवकर?"

श्रीपतीही गेले. एका सकाळी पडवीत येऊन चप्पल न काढताच उभे राहिले तेव्हाच महिपतरावांनी ओळखलं. "ज्ञानेश्वरीताई विचारतायत साहेब. दिल्लीत त्यांना कुणीतरी माहितगार हवाय."

"जा की. देशाचं काम आहे," महिपतराव म्हणाले. त्या दिवशी दुपारी भरलेला बांगडा होता. त्यांनी अर्धाच खाल्ला.

जुलै अर्धा सरला आणि एका दुपारी श्रीपतींचा दिल्लीहून फोन आला.

"साहेब, किनारी वहिवाट विधेयक समितीतून बाहेर पडलं."

महिपतराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे फेटाळलं?"

"मंजूर झालं. एकमतानं. पुढच्या गुरुवारी सभागृहात येतंय."

"कोटय्यानं अडवलं नाही?"

"कोटय्यासाहेबही घरीच आहेत, साहेब," श्रीपती हळूच म्हणाले. "त्यांच्या जागी श्रीकर म्हणून एक तरुण आलाय. तो आणि आपल्या ताई कॉफी प्यायला बसले. तीन बैठका झाल्या, अकरा दिवसांत संपलं."

महिपतरावांनी फोन ठेवला. अकरा दिवस! हे विधेयक त्यांचं स्वतःचं. किनाऱ्यावरचा कोळी पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाळूवर होडी लावतो, जाळी पसरतो, मासळी वाळवतो, ती जागा त्याची आहे असं एकही कागद म्हणत नाही. उद्या कुणी हॉटेलवाला आला आणि 'सरका' म्हणाला तर त्याला सरकावं लागतं. ही वहिवाट कागदावर आणायची, एवढंच ते विधेयक. महिपतरावांनी ते पहिल्यांदा मांडलं त्याला एकोणीस वर्षं झाली. दर नव्या लोकसभेत ते पुन्हा मांडलं जायचं आणि पुन्हा समितीत रुतून बसायचं. इतिवृत्तात लिहिलेलं असायचं, 'मतभेद.' खरं कारण म्हणजे आंब्याची एक पेटी.

झालं होतं असं. विधेयक पहिल्यांदा समितीकडे गेलं त्या वर्षी महिपतरावांनी समितीतल्या प्रत्येकाला हापूसची पेटी पाठवली. आंध्रच्या किनाऱ्यावरून निवडून येणारे कोटय्या हे विरोधी पक्षाचे, पण माणूस अभ्यासू आणि विधेयकाच्या बाजूचा. त्यांनी आपली पेटी चार पाहुण्यांसमोर उघडली. आत पाणी सुटलेला लगदा! आपल्यालाच तेवढा मुद्दाम सडका आंबा पाठवला, असं त्यांनी मनाशी घेतलं. दुसऱ्या दिवशी समितीत ते म्हणाले, "रत्नागिरीचा माल बाहेरून तेवढा छान दिसतो." महिपतरावांना ते झोंबलं. मग महिपतरावांच्या पक्षाचं सरकार असताना कोटय्या अडवायचे, कोटय्यांच्या पक्षाचं आलं की महिपतराव अडवायचे. सरकारं आली, गेली. विधेयक जागचं हललं नाही.

आणि आता दोन नवशिक्यांनी ते कॉफीबरोबर पिऊन टाकलं.

महिपतरावांनी श्रीपतींकडून मसुदा मागवला, माळनाक्यावर जाऊन झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला आणि पडवीत चष्मा लावून बसले. कुठेतरी चूक सापडावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. कलम एक झालं, दोन झालं, दहा झालं. सगळं नीट. त्यांच्याच हातची वाक्यं. सोळावं कलम संपलं आणि पुढे एकदम 'हा कायदा अमलात येण्याची तारीख' आली.

"सतरावं खाल्लंन!" ते ओरडले.

"काय खाल्लंन?" तुळसाबाई आतून धावत आल्या.

महिपतराव उत्तर न देता फोनकडे धावले. चूक सापडली होती, आणि मौज अशी, की त्याचा त्यांना जराही आनंद झाला नाही.

ज्ञानेश्वरीनं पहिल्याच रिंगला फोन उचलला. "काका! मी तुम्हाला फोन करणारच होते."

"कलम सतरा कुठे गेलं?"

"काढलं. सगळ्या इतिवृत्तांत भांडण तेवढ्याच कलमावर दिसतंय, काका. एकोणीस वर्षांचं. मी आणि श्रीकरनं ठरवलं, ज्याच्यावर भांडण आहे तेवढं बाजूला काढू, बाकीचं मंजूर करू. लगेच झालं."

"अगो, भांडण त्याच्यावर नव्हतंच!"

"मग कशावर होतं?"

भूगोलाच्या प्राध्यापिकेला आंब्याची पेटी कुठल्या तोंडानं सांगायची? "ते... कार्यपद्धतीवर होतं. ते जाऊ दे. सतरा नसेल तर वहिवाट ठरवणार कशावरून?"

"सर्वेक्षणाच्या नकाशांवरून. तेच प्रमाण धरलेत. मी स्वतः बघितलेत, फार नेटके आहेत."

"ते सर्वेक्षण कुठल्या महिन्यात केलेलं आहे, ते बघितलंस?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "जुलै."

"जुलैत बुरोंडीला होड्या कुठे असतात?"

मग ज्ञानेश्वरीचा आवाज आला, आणि या वेळी तो खासदाराचा नव्हता, बुरोंडीच्या मुलीचा होता. "वर असतात. घरांच्या मागे, माडाच्या झापांखाली ओढून ठेवलेल्या."

"मग जुलैत वाळूवर काय दिसणार?"

"काही नाही. रिकामी जागा." ती एकदम बोलू लागली. "अरे देवा. म्हणजे नकाशात आमच्या आईचं वाळवण 'रिकामी जागा' म्हणून लागलंय! काका, मी मुलांना आठ वर्षं नकाशे शिकवले."

"आणि तिकडे आंध्रात मासेमारी उन्हाळ्यात बंद असते. तिकडचं सर्वेक्षण मे महिन्यात झालेलं. म्हणून सतरावं घातलं होतं. नुसता नकाशा बघायचा नाही, गावातल्या जुन्या माणसांची साक्षही लिहून घ्यायची. हे देशात दोघांनाच माहीत आहे. एक मी."

"आणि दुसरे कोटय्या सर," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मग तुम्हीच त्यांना फोन करा, काका. आता मी एकटीनं कलम परत घालायचं म्हटलं तर श्रीकरच्या पक्षाला वाटेल मी शब्द फिरवला. कोटय्या सरांनी सांगितलं तर ते ऐकतील."

"तूच कर की."

"मला ते ओळखत नाहीत. तुम्हाला ओळखतात."

"हो, ओळखतात तर," महिपतराव म्हणाले आणि त्यांना भूक लागली.

दोन दिवस त्यांनी काही फोन केला नाही. बागेत गेले, प्रत्येक कलमाशी थांबले, परत आले. फोन हातात घ्यायचे, नंबर बघायचे, ठेवून द्यायचे. गुरुवार पाच दिवसांवर आला होता. शेवटी तुळसाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. पेटीसकट.

तुळसाबाईंच्या कपाळाला आठी पडली. "कनची पेटी? एकोणीस वर्षांमागची? ती मीच भरलेली. एकेक आंबा हातानं पुसून, पेंढा घालून. आनि तो म्हनतो सडका?"

"अगं, ते सोड..."

"सोड काय? तुम्ही मला इतकी वर्षं बोलला नाय! लावा त्याला फोन. नाय, माझ्याकडंच द्या."

आणि महिपतराव काही म्हणायच्या आत त्यांनी फोन घेतला आणि बटण दाबलं. पलीकडून जाडसर आवाज आला, "हॅलो?"

"मैं रत्नागिरी से बोलती. मांडवकर के घर से," तुळसाबाई म्हणाल्या. हिंदी त्यांना मालिकांपुरती येत होती, पण अडखळायचा स्वभाव नव्हता. "वो आम मैंने भरा था. एकदम अच्छा भरा था. आप ऐसा कैसा बोला?"

कोटय्यांची हिंदीही त्यांच्याच तोलाची होती. "बहनजी," ते सावकाश म्हणाले, "आम अच्छा था. पेटी स्टेशन पर चार दिन धूप में पड़ा था. मेरे को अगले साल ही मालूम हुआ."

महिपतरावांनी फोन ओढून घेतला. "अगले साल? और अठारह साल आप कुछ बोले नहीं?"

"मांडवकरजी! नमस्कारम्." कोटय्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "आपको भी तो मालूम था. रेलवेवालों का चिट्ठी आपके पास भी आया था. मेरे को कॉपी मिला."

तुळसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. महिपतरावांनी कलमांकडे पाहिलं. ते पत्र आलं होतं, हे खरं होतं. त्यांनी ते वाचून एका जाड फाईलीत घातलं होतं आणि ती फाईल दुसऱ्या फाईलींखाली ठेवली होती. कारण तोवर भांडणाला बरे दिवस आले होते. महिपतराव मिरकरवाडा बंदरावरच्या सभेत सांगत, 'तुमचा हक्क तो आंध्रवाला अडवतोय, त्याच्याशी लढायला मला पाठवा.' तिकडे कोटय्या आपल्या किनाऱ्यावर सांगत, 'तो महाराष्ट्रवाला अडवतोय, मला पाठवा.' दोन्हीकडचे लोक बिचारे दर वेळी पाठवत. विधेयक मंजूर झालं असतं तर दोघांनाही दुसरा विषय शोधावा लागला असता.

हे महिपतरावांनी स्वतःशीसुद्धा कधी उघड म्हटलं नव्हतं. आता बायकोच्या देखत, फोन कानाला लावून, ते त्यांना म्हणावं लागलं. "गलती हुई," ते म्हणाले. "मेरी भी."

"बहुत बड़ा गलती," कोटय्या म्हणाले. मग म्हणाले, "इधर घर में मेरा बात कोई सुनता नहीं. आप कम से कम पूरा सुनता था, फिर ना बोलता था."

महिपतरावांनी मसुदा पुढ्यात ओढला. मग त्यांनी कलम सतराचं सांगितलं. कोटय्यांनी तेलुगूत काहीतरी खरमरीत उद्गार काढला, तो महिपतरावांना समजला नाही, पण पटला.

रविवारी सकाळी चौघांची व्हिडिओवर बैठक ठरली. श्रीपतींनी दिल्लीहून सांगत सांगत तुळसाबाईंकडून फोन नीट उभा करून घेतला, पाठीमागे पाटा ठेवून. पडद्यावर चार चौकोन दिसू लागले. एकात ज्ञानेश्वरी, एकात चष्मेवाला श्रीकर, एकात कोटय्यांचं कपाळ आणि एकात महिपतरावांची हनुवटी.

पहिली दहा मिनिटं फार सौजन्यात गेली. जुलै आणि मे महिन्याची गोष्ट श्रीकरला पटली. त्याच्या आजोळच्या गावचीही वाळू नकाशात रिकामीच निघाली होती. मग प्रश्न आला, गावातल्या किती जुन्या माणसांची साक्ष घ्यायची?

"दोन," महिपतराव म्हणाले.

"तीन," कोटय्या म्हणाले.

आणि एकोणीस वर्षांचा सराव कामाला आला. महिपतरावांनी तीन साक्षीदार मिळणं कसं अवघड, यावर आठ मुद्दे मांडले. कोटय्यांनी दोन साक्षीदार विकत घेणं कसं सोपं, यावर नऊ. महिपतराव आवाज चढवून उभे राहिले, त्यामुळे पडद्यावर त्यांचा सदऱ्याचा खिसाच दिसू लागला. कोटय्या कपाळ हलवून हलवून बोलत होते. दोघेही इतके रंगात आले, की पलीकडचे दोन चौकोन काय करताहेत याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

शेवटी तुळसाबाई पदराला हात पुसत पुढे झाल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अवो, ती पोर तुम्हाला हात करतेय. तुमचा आवाजच बंद हाय."

खरोखरच दोघांचाही आवाज बंद केलेला होता. किती वेळापासून, कोण जाणे. ज्ञानेश्वरीनं तो चालू केला. "सॉरी काका, सॉरी सर. आम्हाला जरा बोलायचं होतं. आम्ही दोन साक्षी ठेवल्यात, पण त्यातली एक बाईची असली पाहिजे. वाळवण बायकाच घालतात, जागा त्यांनाच नीट माहीत. चालेल?"

महिपतरावांनी कोटय्यांच्या कपाळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

"चालेल," महिपतराव म्हणाले.

"ओके," कोटय्या म्हणाले.

गुरुवारी विधेयक कलम सतरासह मंजूर झालं. महिपतराव सकाळपासून टीव्हीसमोर बसले होते, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. ज्ञानेश्वरी चारच मिनिटं बोलली. होड्या जुलैत कुठे असतात ते तिनं सांगितलं, आणि सगळं सभागृह, दोन्हीकडचं, हसलं. महिपतरावांचं नाव तिनं घेतलं नाही. कोटय्यांचंही नाही.

"तुमचं नाव नाय घेतलंन," तुळसाबाई म्हणाल्या.

"बरं केलंन. घेतलं असतंन तर निम्मे जण उठून विरोधात गेले असते." ते हसत होते खरे, पण चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "बोलली मात्र छान हो. मी असतो तर चाळीस मिनिटं घेतली असती."

दिल्लीतल्या मोठ्या मंडळींना मात्र या एकमतानं चांगलाच घाम फुटला. पक्षाध्यक्ष एकमेकांना विचारू लागले, की आपले लोक समोरच्यांशी न भांडता बसतात म्हणजे काय? एका वाहिनीवर दोन प्रवक्त्यांना समोरासमोर बसवलं होतं. ते दोघेही नवे, दोघांचंही पटलं आणि कार्यक्रम वीस मिनिटं आधीच संपला.

अधिवेशन आटोपल्यावर ज्ञानेश्वरी शिरगावला आली. सोबत श्रीपती होते. या वेळी त्यांनी चप्पल काढली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेतलं. ज्ञानेश्वरीच्या हातात शाळेत असते तसली लांबट वही होती.

"काका, समित्यांमध्ये अशी अडतीस विधेयकं पडून आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकाच्या इतिवृत्तात नुसतं 'मतभेद' लिहिलंय. आम्ही सगळ्या पक्षांतले मिळून साठेक जण आहोत. आम्ही ठरवलंय, प्रत्येकानं आपल्या आधीच्या खासदाराकडे जायचं आणि खरं कारण विचारायचं. श्रीकर कोटय्या सरांकडे बसलाय. तुम्ही कोणाकोणाशी बोलत नव्हता आणि का, एवढंच मला सांगा."

"हे असं कोणी सांगतं का?" महिपतराव म्हणाले. "राजकारणात काही गोष्टी..."

"विमा विधेयक," श्रीपतींनी आतून सुचवलं. "तो राजस्थानवाला. तुमच्या भाषणात जांभई दिली होती."

"एकदा नाही, दोनदा दिली होती!" महिपतराव उसळून म्हणाले आणि मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. "लिही. जांभई."

तुळसाबाईंनी घावणे आणि नारळाचं दूध आणून ठेवलं. वहीची पानं भरू लागली. एका सहकारी बँकांच्या विधेयकाच्या मुळाशी कुणाच्या तरी मुलीच्या लग्नातली मागची रांग निघाली. एका रस्त्याच्या विधेयकाच्या मुळाशी विमानातली खिडकीची जागा. एका ठिकाणी महिपतरावांना आठवेचना. "त्या ओडिशावाल्याशी मी अकरा वर्षं बोललो नाही, एवढं नक्की. का ते..." त्यांनी श्रीपतींकडे पाहिलं. श्रीपतींनी मान हलवली. त्यांनाही आठवत नव्हतं. ज्ञानेश्वरीनं लिहिलं, 'कारण सापडत नाही,' आणि फोन त्यांच्यापुढे केला. महिपतरावांनी लावला. ओडिशावाल्यांनाही आठवत नव्हतं. ते म्हणाले, मलाच वाटत होतं की तुम्ही रागावलाय.

असे चार फोन झाले. पाचवं नाव आलं तेव्हा महिपतरावांनी घावण्याचा तुकडा ताटलीत परत ठेवला.

"बिहारचे ते. जमिनीचं विधेयक. त्यांना मी फोन करणार नाही."

"काका, आता एवढे केलेत..."

"नाही गो. हा माणूस मला कधी वाईट शब्द बोललेला नाही. माझ्या मुलींच्या लग्नाला आला होता, दोन्ही वेळा. आमचं भांडण पेटीचं नाही, जांभईचं नाही. तो म्हणतो जमीन कसणाऱ्यानं ती विकू नये असा कायदा असावा. मी म्हणतो, ज्याची जमीन त्याला विकायची मोकळीक हवी. बावीस वर्षं आम्ही एकमेकांना समजावतोय. त्याचंही काही खोटं नाही. माझंही नाही."

ज्ञानेश्वरीनं लिहिणं थांबवलं.

"मग ते भांडण मिटवू नका," ती म्हणाली. "ते आम्हालाही भांडावं लागेल. मला दोन्ही बाजू सांगा. आधी त्यांची."

"आधी त्याची?"

"तुमची सांगताना तुम्ही भाषण कराल, काका. त्यांची बावीस वर्षं ऐकलीत, ती नीट सांगाल."

महिपतरावांनी खुर्ची पुढे ओढली, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि कित्येक महिन्यांत आला नव्हता तसा आवाज लावून, पण माईकसाठी नव्हे, समोर बसलेल्या एका माणसासाठी, सुरुवात केली, "तर तो काय म्हणतो बघ..."

तुळसाबाई घावण्याचं दुसरं वाढप घेऊन आल्या, क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या, आणि मग पहिल्यांदाच नवऱ्याचं भाषण ऐकायला स्वतःसाठी पाट ओढून घेऊन खाली बसल्या. "पन कसणारीचं काय म्हनतो तो?" त्यांनी विचारलं. "जमीन कसते बाई आनि विकतो बापया. त्यावर काय म्हननं हाय त्याचं?"

महिपतराव थांबले. श्रीपतींकडे वळून म्हणाले, "श्रीपती, जरा बिहारला लाव बघू. हे त्याला विचारायलाच हवं."